जेंडर डिस्फोरिया : निदान एक, प्रश्न तीन

बीड जिल्ह्यातील ललिता साळवे पोलीस दलात महिला शिपाई होत्या. 2017 मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा मागितली आणि वरिष्ठ कार्यालयांपुढे पेच उभा राहिला. महिला म्हणून भरती झालेली व्यक्ती पुरुष झाली तर नोकरी टिकते का, पुरुष शिपायाचे शारीरिक निकष तिला लागू होतात का, याचे उत्तर कोणत्याच नियमात नव्हते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा सेवेचा विषय असल्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा, असे न्यायालयाने सांगितले. अखेर गृह खात्याची परवानगी मिळाली, मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललिता साळवे ललित साळवे झाले. नोकरी कायम राहिली. 2020 मध्ये त्यांचे लग्न झाले, 2024 मध्ये घरात मूल आले. मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ही कहाणी कौतुकाने सांगितली. ती सांगताना एक तपशील जवळजवळ प्रत्येक बातमीत होता: वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळले होते.

दुसरे प्रकरण जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकचे. तेथील ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव जागेवर उमेदवारी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत आणि राखीव जागा स्त्रियांची आहे, म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज बाद केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी 2 जानेवारी 2021 रोजी तो निर्णय फिरवला. अंजली यांनी स्वतःचे लिंग स्त्री असे निवडले आहे आणि तो त्यांचा हक्क आहे, असे न्यायालयाने मानले. गुणसूत्राचा अहवाल कोणी मागितला नाही, शस्त्रक्रियेचा कागद कोणी मागितला नाही. त्या निवडणूक लढल्या आणि जिंकल्या.

दोन्ही व्यक्तींना न्याय मिळाला, पण लोकांच्या मनात दोघांचे मोजमाप सारखे होत नाही. ललित साळवे यांच्याबद्दल बोलताना माणसे मान डोलावतात, कारण ‘त्यांच्या शरीरातच तसे होते’. अंजली यांच्याबद्दल मात्र पहिला प्रश्न येतो, ‘पण पुरावा काय?’ जेंडर डिस्फोरिया या निदानावरून आज जगभर जो वाद पेटला आहे, त्याचे मूळ या एका प्रश्नात आहे. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते खरे मानायला शरीराची साक्ष लागते, असे आपण गृहीत धरतो. ती साक्ष मिळत नसली की डॉक्टरचे निदान तिच्या जागी बसवू पाहतो. माझे म्हणणे असे की निदान त्या कामासाठी बनलेलेच नाही. ते त्रास ओळखण्यासाठी आणि उपचार ठरवण्यासाठी आहे. नागरिकत्वाच्या दारावर राखणदार म्हणून त्याला उभे केले की वैद्यकही बिघडते आणि कायदाही.

हे निदान नेमके काय आहे, ते आधी पाहू. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 2013 च्या डीएसएम-5 या मानसोपचार नियमावलीनुसार, जन्माच्या वेळी ठरवलेले लिंग आणि स्वतः अनुभवलेला लिंगभाव यांत ठळक विसंगती किमान सहा महिने असावी लागते. प्रौढांसाठी सहा लक्षणे दिली आहेत: आपल्या लिंगाची शारीरिक वैशिष्ट्ये परकी वाटणे, ती नकोशी होणे, दुसऱ्या लिंगाची वैशिष्ट्ये हवीशी वाटणे, दुसऱ्या लिंगाचे असावे ही तीव्र इच्छा, लोकांनी आपल्याला तसेच वागवावे ही इच्छा, आणि आपल्या भावना व प्रतिक्रिया त्या लिंगाच्याच आहेत ही खात्री. यांपैकी दोन तरी हवीत. मुलांसाठी अट कडक आहे. आठपैकी सहा लक्षणे हवीत आणि दुसऱ्या लिंगाचे असण्याची तीव्र इच्छा किंवा आग्रह त्यात असलाच पाहिजे. म्हणजे मुलगा भातुकली खेळतो किंवा मुलगी झाडावर चढते, एवढ्यावर हे निदान होत नाही. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची: या विसंगतीमुळे खरा मानसिक त्रास होत असला पाहिजे किंवा शिक्षण, काम, नातेसंबंध यांत अडथळा येत असला पाहिजे. जन्मतः पुरुष ठरवलेली जी व्यक्ती स्वतःला स्त्री मानते, तशी राहते आणि सुखात आहे, तिला हे निदान लागू होत नाही. ती तृतीयपंथी किंवा ट्रान्स असू शकते, रुग्ण नसते.

इथवर यायला वैद्यकाला अनेक वर्षे लागली. 1980 च्या डीएसएम-3 मध्ये ‘ट्रान्ससेक्शुअॅलिझम’ हे निदान होते आणि 1994 च्या डीएसएम-4 मध्ये ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’. त्या मांडणीत विकृती ओळखीत होती, म्हणजे माणसाने स्वतःला जे मानले त्यातच. 2013 मध्ये रोख ओळखीवरून त्रासाकडे वळला. जागतिक आरोग्य संघटना आणखी पुढे गेली. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या रोगवर्गीकरणात तिने हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढला आणि लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ‘लिंगभाव विसंगती’ म्हणून ठेवला. यावर दोन्ही बाजूंनी टीका होते. एक बाजू म्हणते, हा चळवळींच्या दबावाचा परिणाम आहे, विज्ञानाचा नाही. दुसरी बाजू म्हणते, समलैंगिकता 1973 मध्ये डीएसएममधून वगळली, मग हे निदान तरी कशाला ठेवता? दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर व्यवहारात आहे. समलैंगिक व्यक्तीला तिच्या समलैंगिकतेसाठी दवाखान्याची गरज नसते. संप्रेरके किंवा शस्त्रक्रिया हवी असणाऱ्या ट्रान्स व्यक्तीला ती असते, आणि कागदावर नोंद असल्याशिवाय सरकारी रुग्णालय किंवा विमा कंपनी हलत नाही. गरोदरपण हा आजार नाही, तरी बाळंतपणाची नोंद, तपासण्या आणि खाट सगळे लागते, तसेच हे. पहिल्या आक्षेपाबद्दल एवढेच, की वर्गीकरण बदलल्याने कोणाचाही त्रास खोटा ठरला नाही. त्रासाला विकृती म्हणणे तेवढे थांबले.

आता तीन प्रश्न वेगळे काढता येतात. कायद्याने माणसाला कोण मानावे, हा पहिला. त्याला होणाऱ्या त्रासावर मदत कोणती करावी, हा दुसरा. आणि शरीरात बदल घडवणारे उपचार कोणत्या वयात, कोणत्या पुराव्यावर द्यावेत, हा तिसरा. पहिला प्रश्न हक्काचा, दुसरा सेवेचा, तिसरा वैद्यकीय पुराव्याचा. वाद चिघळतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात मारल्यामुळे.

पहिल्या प्रश्नावर भारतीय न्यायालयाने स्पष्ट भूमिका घेतली. इंग्लंडमध्ये 1970 च्या कॉर्बेट खटल्यात गुणसूत्रे, जननग्रंथी आणि जननेंद्रिये यांवरूनच लिंग ठरेल, असा निकाल झाला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात ही जैविक कसोटी नाकारली, व्यक्तीच्या मनाला प्राधान्य दिले आणि ओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरवले. हा निकाल भावनेच्या भरात दिलेला नव्हता, कारण शरीराची साक्षही वाटते तितकी एकमुखी नसते. संपूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलता असलेल्या व्यक्तीची गुणसूत्रे एक्सवाय असतात, पण शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसाद देत नसल्याने ती बाह्यतः स्त्री म्हणून जन्मते आणि वाढते. अनेकदा पाळी आली नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा हे कळते. गुणसूत्र हाच अंतिम पुरावा मानला, तर अशा मुलीला त्या दिवसापासून मुलगा म्हणायचे का? कोणी म्हणत नाही. ललित साळवे यांच्या बाबतीतही गुणसूत्राने मनाला दुजोरा दिला, मनाची जागा घेतली नाही. अहवालात वाय गुणसूत्र निघूनही त्यांनी स्त्री म्हणूनच जगायचे ठरवले असते, तर त्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोणी झोपवू शकले नसते.

2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा या मुद्द्यावर अर्धाच चालला. कलम 4 ने स्वतः अनुभवलेल्या लिंगभावाचा हक्क मान्य केला. 2020 च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज केल्यावर वैद्यकीय तपासणीशिवाय तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र देण्याची पद्धत ठरवली. पण पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असेल, तर कलम 7 ने लिंगबदल शस्त्रक्रिया झाल्याचे रुग्णालयाचे प्रमाणपत्र मागितले. नालसा निकालाने पुढच्या दाराने बाहेर काढलेली शरीराची साक्ष मागच्या दाराने आत आली. तृतीयपंथी संघटनांनी या कायद्यावर टीका केली, तिचे एक मुख्य कारण हेच होते आणि ते रास्त होते.

‘हे पश्चिमेकडून आलेले खूळ आहे’ हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय आक्षेप. तो मराठवाड्यात, म्हणजे हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तरी करू नये, कारण या जिल्ह्याचा इतिहासच त्याच्या आड येतो. सेनगाव तालुक्यातील साखरा असो की कळमनुरी वा वसमत, हा सगळा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाने 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, ‘युनक्स अॅक्ट’ केला होता. त्याखाली तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवायची तरतूद होती, आणि नोंद झालेली व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी बाईच्या पोशाखात दिसली तर वॉरंटशिवाय अटक आणि कैद होऊ शकत होती. हा कायदा तेलंगण उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो थेट जुलै 2023 मध्ये. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना पकडायला कायदा लागला, ती माणसे इंटरनेटने घडवली असे म्हणता येत नाही. दक्षिण महाराष्ट्रातील जोगत्यांचे जगणे राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ कादंबरीत आणि पुढे 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटात आले आहे. या परंपरेने पुरुषदेहातील बाईपणाला देवीच्या नावाने जागा दिली, पण जोगवा मागण्याखेरीज दुसरे आयुष्य फारसे दिले नाही. निदानाचे नाव अमेरिकेत ठरले हे खरे. क्षयरोगाचा जंतूही जर्मनीत शोधला गेला. म्हणून आपल्याकडचा खोकला परदेशी ठरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला टाळून चालणार नाही: मुलांचे काय? इंग्लंडमधील लहान मुलांच्या लिंगभाव सेवेकडे 2011-12 मध्ये अडीचशेहून कमी मुले पाठवली गेली होती; 2021-22 मध्ये तो आकडा पाच हजारांच्या वर गेला. किशोरवयीन मुलींचे प्रमाण वाढले, अनेकांना सोबत नैराश्य, स्वमग्नता असे प्रश्न होते. बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांनी एप्रिल 2024 मध्ये दिलेल्या अहवालात, वयात येणे रोखणाऱ्या औषधांमागचा पुरावा कमकुवत आहे, असा निष्कर्ष काढला. अठरा वर्षांखालील मुलांना संप्रेरके देताना कमालीची सावधगिरी बाळगा, असेही सांगितले. तिथे ही औषधे नेहमीच्या वापरातून बंद झाली. स्वीडन आणि फिनलंड यांनीही आधीच हात आखडता घेतला होता. अहवालाच्या टीकाकारांचे म्हणणे असे, की बालरोगशास्त्रातील कितीतरी उपचार कमी खात्रीच्या पुराव्यावर चालतात, आणि पुरावा कमकुवत असणे म्हणजे उपचार निरुपयोगी असल्याचे सिद्ध होणे नव्हे. दोन्ही मुद्दे खरे आहेत. माझ्या मते शरीरावर कायमचा परिणाम करू शकणारे औषध अजाण वयात देताना पुराव्याची मागणी जास्तच असावी. पण कॅस अहवालाने ट्रान्स माणसे खोटी आहेत असे म्हटलेले नाही, की प्रौढांचे उपचार बंद करा असेही नाही. उलट या मुलांना मानसिक आधार, वेळ आणि सर्वांगीण तपासणी मिळाली पाहिजे, यावर त्याचा भर आहे. औषधाबद्दलचा हा अहवाल ग्रामपंचायतीच्या उमेदवारी अर्जावर किंवा पोलीस भरतीच्या रकान्यावर आणून आपटणे म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याला चिकटवणे होय.

पश्चात्तापाचा मुद्दाही असाच. लिंगबदल शस्त्रक्रियांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला की पश्चात्तापाचे प्रमाण सुमारे एक टक्का दिसते. टीकाकार म्हणतात की बरेच रुग्ण नंतर पाठपुराव्यातून सुटतात, म्हणून हा आकडा कमी दिसत असावा. ही शंका योग्य आहे आणि तिच्यासाठी दीर्घ पाठपुरावा झालाच पाहिजे. तरीही पश्चात्ताप होऊ शकतो म्हणून उपचारच नको, हे तर्कात बसत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरही काही जण हळहळतात. त्यावर उपाय नीट समुपदेशन आणि समजून दिलेली संमती हा असतो, ऑपरेशन थिएटरला कुलूप लावणे नव्हे.

मग गैरवापराचे काय? राखीव जागेसाठी उद्या कोणीही स्वतःला बाई म्हणवेल, ही भीती बोलून दाखवली जाते. भादलीच्या प्रकरणात न्यायालयाने ती विचारात घेतली होती. यापुढे आयुष्यभर स्त्री हीच ओळख ठेवीन, संधी साधण्यासाठी ती बदलणार नाही, ही अंजली यांची भूमिका निकालात नोंदवली गेली. गैरवापर रोखण्याचा हा मार्ग शहाणपणाचा आहे: आधी हमी घ्या, खोटेपणा सिद्ध झाला तर कारवाई करा. खोट्या जातप्रमाणपत्रांचे प्रकार आपल्याकडे काही कमी झाले नाहीत; त्यावर पडताळणी समित्या आल्या, आरक्षण गेले नाही. शिवाय ज्या ओळखीपायी घर तुटते, गाव टोमणे मारते, ती ओळख सरपंचपदासाठी पांघरणारा माणूस शोधायला बरीच पायपीट करावी लागेल. डिसेंबर 2022 मध्ये पोलीस भरतीत तृतीयपंथीयांसाठी अर्जात पर्याय द्यायला आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवायला उच्च न्यायालयाने राज्य सरकारला सांगितले. निकष लिहून काढणे हे सरकारचे काम आहे. ललिता साळवे यांच्या रजेच्या अर्जाने उघडी पाडलेली उणीव तीच होती: नियम नव्हता, म्हणून माणसाला न्यायालयात जावे लागले.

राहिला दुसरा प्रश्न, मदतीचा. साखऱ्यासारख्या गावात खरा खड्डा इथे आहे. लंडनमध्ये वाद औषध लवकर दिल्याचा आहे. मराठवाड्यातील खेड्यात औषध सोडाच, ऐकून घेणारा माणूसही मिळणे कठीण. मुलगा बायकी वागतो किंवा मुलगी लुगडे-साडी नको म्हणते, की घरातले ठरलेले उपाय सुरू होतात: मार, देवऋषी, अंगारा, आणि सगळे थकले की लग्न. ‘लग्न झाले की येईल ताळ्यावर’ या वाक्याने दोन आयुष्ये एकदम बिघडतात, त्यातला जोडीदार तर पूर्ण अनभिज्ञ असतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉक्टरांनी ‘बरे करून देतो’ म्हणत ओळख बदलण्याचे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 मध्ये कळवले आहे. म्हणजे देवऋषीचा आणि भोंदू डॉक्टरचा असे दोन्ही रस्ते कायद्याने बंद आहेत. उघडा रस्ता मात्र अरुंद आहे. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. तिथला मानसोपचार विभाग या विषयात तयार असेल, तर साखऱ्याच्या माणसाला मुंबई गाठावी लागणार नाही. केंद्राने 2022 मध्ये आयुष्मान भारत योजनेत तृतीयपंथीयांसाठी वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या विम्याची घोषणा केली. पण विम्याचा कागद आणि शस्त्रक्रिया करणारा हात यांच्यात अंतर असले, तर ती रक्कम छापील आकडाच राहते.

म्हणून या वादात बाजू घ्यायचीच असेल तर ती प्रश्न पाहून घ्यावी. मुलांच्या औषधांबाबत कडक पुरावा मागणारा माणूस ट्रान्स लोकांचा शत्रू ठरत नाही. प्रौढाच्या ओळखीसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची अट नाकारणारा माणूसही विज्ञानाचा शत्रू ठरत नाही. दोन्ही भूमिका एकाच वेळी घेता येतात, आणि घ्यायला हव्यात. आपल्या घरातले, शाळेतले किंवा वस्तीतले एखादे मूल असे काही सांगू लागले, तर त्या दिवशी कोणताही कायमचा निर्णय घ्यायचा नसतो. औषधाचाही नाही आणि लग्नाचाही नाही. त्याला हसू नका, मारू नका, शाळा सुटू देऊ नका आणि मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्या. जवळ कोणी नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर आहे.